शहरातील सार्वजनिक जागा आणि परस्परसंवादी तंत्रज्ञान : एक चिकित्सा

प्रस्तावना :

शहर म्हणजे अनोळखी माणसांचे एकत्र राहणे होय. गावात माणसाची ओळख घरावरून, कुळावरून, शेतावरून होते. शहरात अशी ओळख नसतानाही रस्ता, फलाट, बाग, बाजार आणि चौक यांचा वापर सर्वांना मिळून करावा लागतो. ही सामाईक जागा पूर्वी केवळ दगड, विटा आणि झाडे यांची होती. गेल्या काही दशकांत तिच्यात पडदे, कॅमेरे, संवेदक आणि बिनतारी जाळी यांची भर पडली आहे. अशा साधनांपैकी बरीचशी ‘परस्परसंवादी’ या विशेषणाने ओळखली जातात. बटण दाबले किंवा पडद्याला स्पर्श केला की यंत्र उत्तर देते, एवढ्याच आधारावर हे विशेषण दिले जाते. परंतु यंत्राने माणसाला उत्तर दिले म्हणजे सार्वजनिक जागेत परस्परसंवाद घडला, असे म्हणता येईल काय? की यंत्राच्या निमित्ताने एका माणसाने दुसऱ्या माणसाला प्रतिसाद दिला तरच तो घडला असे म्हणावे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्यासाठी १९८० ते २०२४ या काळातील पाच प्रयोग निवडले आहेत. त्यांतील तीन कलावंतांनी योजलेले आहेत, एक शिक्षणविषयक संशोधनाचा आहे आणि एक नागरी सुविधेचा आहे. त्यांचे परीक्षण तीन कसोट्यांवर केले आहे : कोण कोणाला पाहू शकतो, कोणाला तेथे थांबता येते आणि साधन सांभाळण्याची व बदलण्याची मुभा कोणाकडे असते. पाहणे, थांबणे आणि सांभाळणे या तीन क्रियांची वाटणी कशी केली आहे, यावर त्या साधनाचे सार्वजनिकत्व ठरते. यंत्र किती प्रगत आहे, यावर ते ठरत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनाची बैठक :

सार्वजनिक जागेच्या अभ्यासात विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाचे कार्य मूलभूत मानले जाते. १९७० च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील चौक व प्रांगणे यांचे चित्रीकरण करून माणसे तेथे प्रत्यक्ष कशी वागतात याचे निरीक्षण केले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ या ग्रंथातील त्यांचे निष्कर्ष वरवर पाहता अगदी साधे आहेत. जेथे बसायला जागा असते तेथे माणसे बसतात. आणि माणसांना सर्वाधिक आकर्षण असते ते अन्य माणसांचेच. याच ग्रंथात त्यांनी एक महत्त्वाची संकल्पना मांडली. रस्त्यावरचा वादक, एखादे शिल्प, एखादी अनपेक्षित घटना यांमुळे शेजारी उभी असलेली दोन अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. दोन माणसे आणि एक निमित्त असा हा त्रिकोण असल्यामुळे या प्रक्रियेला मराठीत ‘त्रिकोणन’ म्हणता येईल.

या संकल्पनेत निमित्ताचे स्थान दुय्यम आहे. डोंबाऱ्याचा खेळ पाहताना दोन अपरिचित माणसे एकमेकांकडे पाहून हसतात, तेव्हा त्या क्षणाचे मोल खेळाच्या कौशल्यावर अवलंबून नसते. परस्परसंवादी तंत्रज्ञानाच्या समर्थनात मात्र बहुधा निमित्तालाच केंद्रस्थान दिले जाते. पडदा किती मोठा, प्रतिसाद किती जलद, जोडणी किती वेगवान, यांची मोजदाद होते. त्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये काय घडले याची नोंद सहसा होत नाही.

पाहणे : दोन खिडक्या, दोन परिणाम :

व्हाइट यांचा ग्रंथ ज्या वर्षी आला त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८० मध्ये, किट गॅलोवे आणि शेरी राबिनोविट्झ या अमेरिकी कलावंतांनी ‘होल-इन-स्पेस’ हा प्रयोग केला. न्यूयॉर्कमधील लिंकन सेंटर आणि लॉस एंजेलिसमधील सेंच्युरी सिटी येथील एक मोठे दुकान या दोन ठिकाणी रस्त्यालगत मोठे पडदे लावण्यात आले आणि उपग्रहाद्वारे ती ठिकाणे जोडली गेली. एका शहरातील पादचाऱ्यांना दुसऱ्या शहरातील पादचारी पूर्णाकृती दिसत, त्यांचा आवाज ऐकू येई आणि त्यांच्याशी बोलता येई. प्रयोगाची पूर्वसूचना दिलेली नव्हती. तेथे फलक नव्हता, प्रायोजकाचे नाव नव्हते, वापराच्या सूचनाही नव्हत्या. शिवाय स्वतःची प्रतिमा दाखवणारा पडदा मुद्दाम ठेवलेला नव्हता. समोरच्याला आपण दिसतो आहोत याचा पुरावा केवळ समोरच्याच्या प्रतिसादातूनच मिळत असे.

हा प्रयोग तीन संध्याकाळी चालला. पहिल्या संध्याकाळी लोकांनी तो अपघाताने शोधला. दुसऱ्या संध्याकाळी तोंडोतोंडी वार्ता पसरून आप्तेष्टांच्या भेटी ठरवल्या गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी दूरदूर राहणारी कुटुंबे दोन्ही बाजूंना गर्दी करून उभी राहिली. त्यांत अनेक वर्षे एकमेकांना न भेटलेली माणसेही होती. म्हणजे पहिल्या दिवशी जे कुतूहल होते त्याला तिसऱ्या दिवशी लोकांनीच उपयोगाचे रूप दिले. आराखड्यात हा उपयोग लिहून ठेवलेला नव्हता, परंतु त्याला वाव मात्र ठेवलेला होता. या प्रयोगाचे खरे यश या वावात आहे.

जवळजवळ याच कल्पनेवर आधारलेला ‘पोर्टल’ हा लिथुआनियातील बेनेडिक्टस गिलिस यांचा प्रकल्प होय. २०२१ मध्ये व्हिल्नियस आणि पोलंडमधील लुब्लिन ही शहरे वर्तुळाकार पडद्यांनी जोडली गेली. मे २०२४ मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्क येथे अशीच जोडी उभारण्यात आली. या वेळी तंत्र पूर्वीपेक्षा अधिक सुलभ होते आणि चित्र अखंड वाहत होते. आवाज मात्र नव्हता. अनेकांनी हात हलवले, नाच केले, दूरच्या नातलगांना बोलावून घेतले. परंतु अंगप्रदर्शनाचे प्रकार घडले आणि २००१ च्या हल्ल्यातील जळत्या मनोऱ्यांची छायाचित्रेही पलीकडच्यांना दाखवण्यात आली. आठवडाभरातच प्रकल्प तात्पुरता बंद ठेवावा लागला. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच्या वेळेवर मर्यादा आली होती आणि कोणी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ गेल्यास चित्र आपोआप धूसर होण्याची सोय करण्यात आली होती.

या दोन प्रयोगांची तुलना करताना कालावधीचा भेद विसरता येत नाही. तीन संध्याकाळी टिकलेले सौजन्य तीन महिने टिकलेच असते असे नाही. तरीही आवाजाच्या अभावाकडे दुर्लक्ष करता येत नाही. बोलता येत असेल तर समोरचा माणूस नाव विचारू शकतो, हटकू शकतो, थट्टेला थट्टेने उत्तर देऊ शकतो. बोलता येत नसेल तर लक्ष वेधून घेण्यासाठी हावभावच अधिकाधिक ठळक करावे लागतात. गैरवर्तन थांबवण्याची सामाजिक साधने ज्या रचनेत वापरता येत नाहीत, त्या रचनेत ती जबाबदारी अखेरीस यंत्राकडे जाते. चित्र धूसर करणारी ही सोय त्याच उणिवेची भरपाई आहे.

थांबणे : ज्यांच्यासाठी सोय, त्यांचीच अडचण :

न्यूयॉर्क शहराने जुन्या सार्वजनिक दूरध्वनींच्या जागी ‘लिंकएनवायसी’ नावाचे खांब उभारण्यास जानेवारी २०१६ मध्ये आरंभ केला. या खांबांवर विनामूल्य बिनतारी इंटरनेट, देशांतर्गत दूरध्वनी, भ्रमणध्वनी प्रभारित करण्याची सोय आणि इंटरनेट पाहण्यासाठी स्पर्शपडदा होता. दोन्ही बाजूंच्या मोठ्या पडद्यांवरील जाहिरातींतून खर्च भागवण्याची योजना होती. ज्यांना घरी इंटरनेट परवडत नाही त्यांना ते रस्त्यावर मिळावे, हा उद्देश वारंवार सांगितला गेला होता.

प्रत्यक्षात तसेच घडले, आणि तक्रारींची सुरुवातही तेथूनच झाली. ज्यांना घरच नव्हते अशी माणसे खुर्च्या, खोकी ओढून आणून खांबाजवळ तासन्‌तास बसू लागली. गाणी ऐकू लागली, चित्रपट पाहू लागली. काहींनी अश्लील चित्रफितीही पाहिल्या. रहिवाशांच्या व व्यापाऱ्यांच्या तक्रारी वाढल्यावर सप्टेंबर २०१६ मध्ये स्पर्शपडद्यावरील इंटरनेट बंद करण्यात आले. बिनतारी जोडणी चालू राहिली. म्हणजे ज्याच्या खिशात स्वतःचे यंत्र होते त्याची सोय टिकली आणि ज्याच्याकडे ते नव्हते त्याची गेली.

अश्लील चित्रफितींबाबतची तक्रार रास्त होती, यात शंका नाही. परंतु बसण्याबाबतची तक्रार वेगळ्या प्रकारची आहे. व्हाइट यांच्या दृष्टीने माणसाने थांबणे, बसणे हे चांगल्या सार्वजनिक जागेचे पहिले लक्षण होते. येथे तेच लक्षण बिघाड मानले गेले. खांबाच्या आराखड्यात माणूस उभा राहील, क्षणभर काम करील आणि निघून जाईल असे गृहीत होते. खांबाशी बाक नव्हता आणि सावलीही नव्हती. ज्या माणसाला जायला दुसरीकडे जागाच नाही, त्याचा विचार आराखडा करताना झालेला नव्हता. साधन विनामूल्य असले तरी त्याच्या भोवतीची जागा विनाअट नव्हती, असा याचा अर्थ होतो.

खुलेपणा : जाहीर आणि प्रत्यक्ष :

सर्वांसाठी खुले असल्याचे जाहीर करणे आणि सर्वांना प्रत्यक्ष वापरता येणे यांतील अंतर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गाला खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय येण्यास १९३७ साल उजाडले. तळ्याला कुंपण नव्हते, पण भोवतीच्या सामाजिक संबंधांचे कुंपण होते. तांत्रिक साधनाच्या खुलेपणाचा विचार करतानाही हे अदृश्य कुंपण लक्षात घ्यावे लागते.

या दृष्टीने डॉ. सुगता मित्रा यांचा ‘होल इन द वॉल’ हा प्रयोग महत्त्वाचा आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी नवी दिल्लीतील कालकाजी भागात, एन.आय.आय.टी. या संस्थेच्या कार्यालयाच्या आवाराच्या भिंतीत एक संगणक बसवण्यात आला. त्याचे तोंड शेजारच्या झोपडवस्तीकडे होते. शिक्षक नव्हता, सूचनाही नव्हत्या. मुलांनी आपापसांत विचारपूस करीत संगणक हाताळण्यास आरंभ केला. पडद्यावरील बाणाला त्यांनी ‘सुई’ म्हटले आणि प्रतीक्षेच्या वाळूघड्याळाला ‘डमरू’. अपरिचित यंत्राला आपल्या भाषेत नावे देण्याची ही क्रिया म्हणजे त्रिकोणनाचे उत्कृष्ट उदाहरण होय, कारण ती नावे एका मुलाची नसून घोळक्याची होती.

परंतु या प्रयोगाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी नोंदवली आहे. मार्क वॉर्शोर यांनी प्रत्यक्ष पाहणीनंतर दाखवून दिले की इंटरनेटची जोडणी क्वचितच चालत असे, हिंदीतील सामग्री जवळजवळ नव्हती आणि मुलांचा बराच वेळ खेळ व चित्रे यांत जात असे. मुलांच्या शालेय अभ्यासाकडे दुर्लक्ष होते, अशी काही पालकांची तक्रार होती. पुढे पायल अरोरा यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तराखंडमधील अल्मोडा व हवालबाग येथील बंद पडलेल्या संगणकांचा विचार केला. त्यांच्या विवेचनातून पुढे येणारा प्रश्न साधा आहे : मध्यस्थ नको, असे म्हणून शिक्षक वगळला, तर दुरुस्ती कोण करणार, दुबळ्या मुलाला पुढे कोण आणणार, आणि साधन आपले आहे असे वस्तीला कशावरून वाटणार?

मुलांच्या स्वयंशिक्षणाविषयीचे मित्रा यांचे निरीक्षण खोटे ठरत नाही. परंतु शिकण्याची क्षमता मुलांमध्ये होती आणि भिंत मात्र दुसऱ्याच्या मालकीची होती. भिंतीतील छिद्रातून वस्तीला संगणकापर्यंत पोहोचता आले. संगणकाबाबतच्या निर्णयापर्यंत पोहोचण्यासाठी दुसरे छिद्र कोणी पाडले नाही.

सांभाळणे : तोच कॅमेरा, वेगळी मांडणी :

दिल्लीतच, सात वर्षांनी, शायना आनंद यांनी ‘खोज’ या कलासंस्थेच्या साहाय्याने खिडकी एक्स्टेन्शन या दाट वस्तीत ‘खिडकीयान’ हा प्रयोग केला (२००६). साहित्य बाजारात सहज मिळणारे होते : पाळतीसाठी वापरले जाणारे स्वस्त कॅमेरे, ध्वनिग्राहक, साधे दूरदर्शन संच आणि तारा. वस्तीतील जवळजवळच्या चार ठिकाणी एकेक संच व कॅमेरा ठेवून ती ठिकाणे जोडली गेली. प्रत्येक संचाचा पडदा चार भागांत विभागलेला असे आणि चारही ठिकाणची माणसे एकाच वेळी एकमेकांना पाहत, ऐकत व बोलत. प्रेक्षक, वक्ता आणि विषय या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या.

येथे लक्षणीय ठरते ते अंतर. ‘होल-इन-स्पेस’ने दोन टोकांची शहरे जवळ आणली, ‘खिडकीयान’ने दोन गल्ल्यांमधील अंतर उघड केले. परप्रांतातून आलेला कामगार, लहान दुकानदार आणि घरात राहणारी स्त्री हे एकमेकांपासून काही पावलांवर राहत असूनही सहसा बोलत नसत. दाट वस्तीत माणसे जवळ असतात म्हणून संवाद असतोच, हा समज या प्रयोगाने तपासून पाहिला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याचे स्थानांतर. पाळतीच्या यंत्रणेत अनेकांची चित्रे एका बंद खोलीत जातात. पाहणारा दिसत नाही आणि दिसणारा पाहू शकत नाही. ‘खिडकीयान’मध्ये यंत्र तेच राहिले, फक्त तारांची दिशा बदलली. जो दिसतो तो पाहतोही, हा नियम त्या मांडणीतच बांधलेला होता. पुढे शायना आनंद यांचा सहभाग असलेला मुंबईतील ‘कॅम्प’ हा कलावंतांचा गट २००७ मध्ये स्थापन झाला आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘पाद.मा’ या चित्रफितींच्या खुल्या संग्रहातही त्याचा सहभाग राहिला. चित्रणाचे काय होते हा प्रश्न या परंपरेत गौण मानला गेला नाही.

मात्र तिसऱ्या कसोटीवर हा प्रयोगही उणा ठरतो. यंत्रणा कलावंताने आणली आणि मुक्काम संपल्यावर ती उचलली गेली. स्वस्त आणि दुरुस्त करता येण्याजोगे साहित्य वापरल्यामुळे वस्तीला ती स्वतः चालवणे शक्य होते. पण शक्यता आणि व्यवस्था यांत फरक आहे. कलाप्रयोगाने प्रश्न उभा करावा, व्यवस्था उभारणे हे त्याचे काम नव्हे, असा बचाव येथे करता येईल. तो काही अंशी मान्य करावा लागेल. परंतु मग ती व्यवस्था कोणी उभारायची, हा प्रश्न नागरी संस्थांकडे येतो.

भारतीय नगरांच्या संदर्भात :

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी ‘स्मार्ट सिटी’ अभियान सुरू केले. ३१ मार्च २०२५ रोजी त्याची मुदत संपली. या काळात निवडलेल्या १०० शहरांपैकी ८ महाराष्ट्रातील होती आणि जानेवारी २०१६ च्या पहिल्या २० शहरांच्या यादीत पुणे दुसऱ्या स्थानावर होते. अभियानातून सर्व १०० शहरांत एकात्मिक नियंत्रण केंद्रे उभी राहिली. वाहतूक, कचरा, पाणीपुरवठा आणि सुरक्षा यांची माहिती तेथे एकत्र येते. आपत्तीच्या काळात अशा केंद्राचे मोल नाकारता येणार नाही. कोविड साथीत अनेक शहरांनी ही केंद्रे मदतकार्यासाठी वापरली.

तथापि या लेखातील तीन कसोट्या लावल्यास या रचनेचा तोल स्पष्ट होतो. पाहणे एकतर्फी आहे. चौकात थांबणारा माणूस त्या भिंतीवरच्या पडद्यात गर्दीचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्याला केंद्राकडे पाहण्याची सोय नाही. सांभाळण्याची जबाबदारी कंत्राटाकडे आहे, आणि कंत्राटाची मुदत संपली की चौकातील पडदा बहुधा काळा पडतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. परंतु चौकातील माणसाचा अधिकार केवळ न दिसण्याचा नाही. आपल्या चौकाविषयी जमा झालेली माहिती त्यालाही दिसावी, हाही त्याचाच भाग मानला पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. तीन संध्याकाळींच्या कलाप्रयोगाची तुलना लाखो लोकांसाठी वर्षानुवर्षे चालणाऱ्या नागरी यंत्रणेशी करणे कितपत न्याय्य आहे? प्रमाणाच्या दृष्टीने हा आक्षेप योग्य आहे. परंतु तुलना यंत्रणेच्या आकाराची नसून तिच्या मांडणीची आहे. चौकातील प्रदूषणाचा आकडा चौकातच मराठीत दाखवणे, बसथांब्यावरील सूचनाफलकाशेजारी बाक ठेवणे, बिघाड झाल्यास कोणाला कळवायचे ते नाव त्याच फलकावर लिहिणे आणि फलकावर काय दाखवावे याचा निर्णय प्रभागातील नागरिकांच्या सभेत घेणे, यांपैकी कशालाही असाधारण तंत्रज्ञान लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये प्रभाग समित्यांची तरतूद करून अशा निर्णयाला घटनात्मक जागाही दिलेली आहे.

निष्कर्ष :

पाचही प्रयोगांत यंत्राने आपले काम बऱ्याच अंशी केले. भेद पडला तो यंत्राभोवतीच्या मांडणीमुळे. ‘होल-इन-स्पेस’मध्ये परस्परांना पाहता-ऐकता आले म्हणून लोकांनी त्याचा उपयोग स्वतः घडवला. ‘पोर्टल’मध्ये पाहणे होते, पण बोलणे नव्हते. ‘लिंकएनवायसी’ने सोय दिली, पण थांबण्याचा हक्क दिला नाही. ‘होल इन द वॉल’ने मुलांच्या सामूहिक बुद्धीचे दर्शन घडवले, पण साधन वस्तीच्या स्वाधीन केले नाही. ‘खिडकीयान’ने पाळतीचे साधन संवादाकडे वळवले, पण ते मागे ठेवले नाही.

यावरून रचनाकारांसाठी व त्यांना घडवणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी एक बोध निघतो. अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, समाजशास्त्र आणि कला या शाखा महाविद्यालयांत वेगवेगळ्या खोल्यांत शिकवल्या जातात; चौकात मात्र त्या एकाच खांबावर एकत्र येतात. खांबाची उंची आणि पडद्याची तेजस्विता ठरवताना त्याच्याजवळ बाक असेल का, त्याची भाषा कोणती असेल आणि तो बंद पडल्यावर कोण धावून येईल, हे प्रश्नही रचनेचेच प्रश्न मानले गेले पाहिजेत. मराठीत ‘निगराणी’ या एकाच शब्दाला पाळत आणि काळजी असे दोन्ही अर्थ आहेत. नागरी तंत्रज्ञानाने आजवर त्यांपैकी पहिल्यावर अधिक खर्च केला आहे. दुसऱ्याची तरतूद अंदाजपत्रकात अद्याप व्हायची आहे.